रेशमाचा गुडघा, पण कुणाचा?

दर सहा-आठ महिन्यांनी एक बातमी हमखास येते. रेशमापासून गुडघ्याची कूर्चा! कधी ती गुवाहाटीहून येते, कधी दिल्लीहून, कधी थेट बोस्टनहून. सोबत एक फोटो असतो. पांढरा कोट, हातमोजे, काचेची बशी आणि बशीत दह्याच्या कवडीसारखं काहीतरी. खाली लिहिलेलं असतं की शास्त्रज्ञांनी रेशमाच्या कोशातल्या प्रथिनापासून हायड्रोजेल बनवलं, त्यात कूर्चेच्या पेशी छान वाढल्या, आणि आता लवकरच गुडघेदुखीवर कायमचा उपाय मिळणार. मग ती बातमी कापून, फोटो काढून घरोघरच्या मोबाइलवर फिरते. आमच्या अमळनेरसारख्या गावात तर जास्तच फिरते, कारण इथे पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा, गुडघा हा तिच्या बोलण्यातला दुसरा किंवा तिसरा विषय असतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. पण या विषयावर जमेल ते वाचत आलोय आणि या संशोधनाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझं एक ठाम मत झालंय. "हे कधी येणार?" असं सगळेजण विचारतात, पण त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. हे कुणाच्या गुडघ्यासाठी चाललंय? गावात शंभर वर्षांहून जुनं तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यामुळे नीट विचारलेला प्रश्न म्हणजे अर्धं उत्तर, हे निदान अमळनेरकरांना वेगळं सांगायला नको :-)

आधी थोडं कूर्चेबद्दल. गुडघ्यात दोन हाडं जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडीचा एक गुळगुळीत, पांढुरका थर असतो. तीच कूर्चा. तिच्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. बाकी कोलॅजनचे धागे, पाणी धरून ठेवणारे मोठाले रेणू आणि अगदी थोड्या पेशी. तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. म्हणून ती झिजत असते तेव्हा सुरुवातीला कळतही नाही, आणि एकदा खरवडली गेली की भरून येत नाही. कातडीवरची जखम भरते, मोडलेलं हाड जुळतं, कूर्चा मात्र जुळत नाही. विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १७४३ सालीच हे लिहून ठेवलंय. पावणेतीनशे वर्षं उलटून गेली, मूळ तक्रार तीच आहे.

१९९४ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी एक वाट काढली. रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात सोडायच्या. तेवीस रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली. आपल्याकडेही २०१७ साली मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशाच पेशी-उपचाराला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. पण यात दोन शस्त्रक्रिया आल्या, पेशी वाढवण्याची निर्जंतुक प्रयोगशाळा आली, मधले आठवडे आले आणि त्या सगळ्याचा खर्च आला. शिवाय नुसत्या पेशी खड्ड्यात सोडून भागत नाही, त्यांना बसायला जागा हवी. ही जागा म्हणून रेशीम पुढे आलं.

रेशमाचं जेल करायची कृती वाचली तेव्हा मला फार मजा वाटली होती. तुतीच्या रेशीमकिड्याचे कोश घ्यायचे, कापायचे, आतला किडा काढून टाकायचा. मग सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळायचे. धाग्यावरचा सेरिसिन नावाचा चिकट थर निघून जातो आणि उरतं ते फायब्रोइन. (हा चिकट थर राहिला तर शरीर त्रास देतं, म्हणून तो काढणं महत्त्वाचं.) ते वाळवून लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात साठ अंशांवर चारेक तास विरघळवायचं. मग पातळ पडद्याच्या पिशवीत भरून दोन-तीन दिवस शुद्ध पाण्यात ठेवायचं, की क्षार बाहेर निघून जातो. पिशवीत राहतं ते पाण्यात विरघळलेलं रेशीम! अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या डेव्हिड कॅप्लन यांच्या गटाने २०११ साली ही सगळी कृती एखाद्या पाककृतीसारखी पायरी-पायरीने छापली, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरतात.

या द्रावणाचं जेल कसं होतं? कुणी ते थोडं आम्लधर्मी करतं, कुणी त्यात ध्वनिलहरी सोडतं, कुणी विकर वापरतं. मार्ग वेगळे, पण बहुतेक वेळा आत घडतं ते असं: प्रथिनांच्या लांब साखळ्या एकमेकींशेजारी घड्या घालून घट्ट चिकटून बसतात, त्यांची जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी अडकतं. चिकाचा खरवस होतो तसंच समजा. एकदा झाला की परत चीक होत नाही. हे जेल नेमकं कसं जमतं, त्याची आतली रचना काय, यावर २०१० साली एक चांगला शोधनिबंध आला होता, आणि तो कुठल्या परदेशी प्रयोगशाळेचा एकटीचा नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले, म्हणजे एनसीएलमधले, शैलेश नगरकर आणि आशिष लेले यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर तो लिहिला होता. त्याच एनसीएलमध्ये अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या बारीक कणांपासून हाडातली पोकळी भरून काढणारे सच्छिद्र तुकडे केले, त्यावरचा त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम हाडासाठी आहे, कूर्चेसाठी नाही. हा फरक बातमीत बरेचदा गळतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

कूर्चेवरचं काम आपल्या देशात मुख्यतः आयआयटी गुवाहाटीत बिमान मंडल यांच्या गटाने आणि आयआयटी दिल्लीत सौरभ घोष यांच्या गटाने केलंय. गुवाहाटीकरांनी २०१६ साली रेशीम आणि अगारोज यांचं मिश्र जेल करून त्यात कूर्चेच्या पेशी वाढवून दाखवल्या. जेलच का, तर कूर्चेच्या पेशीला गोल राहायला आवडतं. सपाट बशीत वाढवली की ती पसरते आणि आपला धर्म विसरते. जेलमध्ये ती चारी बाजूंनी वेढलेली असते, गोल राहते आणि कूर्चाच बनवते. आणखी एक गोष्ट मला आपल्याकडची म्हणून आवडते. टसर किंवा मुगा रेशमाच्या प्रथिनात पेशींना पकड मिळेल असा एक छोटा क्रम निसर्गतःच असतो, जो तुतीच्या रेशमात नसतो. हे टसर आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या घेतलं जातंय.

म्हणजे शास्त्र खरं आहे, माणसं खरी आहेत, काम चोख आहे. मग माझी तक्रार काय?

माझी मोठी मावशी अमळनेरजवळच्या एका खेड्यात राहते. वय अडुसष्ट. आयुष्यभर निंदणी केली, कापूस वेचला, चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. तिचे दोन्ही गुडघे आता धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. मागच्या वर्षी अशीच एक रेशमाची बातमी तिच्यापर्यंत पोचली आणि तेव्हापासून भेट झाली की एकच प्रश्न, "कव्हय येई रे भाऊ ते औषध?" मी तिला समजावून सांगितलं होतं की ते अजून प्रयोगशाळेत आहे आणि तुझ्यासारख्या गुडघ्यासाठी नाहीच. पण मधल्या काळात कुणीतरी तिला जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात नेलं (नाव घेत नाही) आणि तिथे तिला "जेलचं इंजेक्शन" देण्यात आलं. दोन्ही गुडघ्यांचे मिळून पस्तीस हजार. कापसाचे राखून ठेवलेले पैसे. हे तेच ना रेशमाचं, असं तिने विचारलं, तर नुसती मान हलवण्यात आली म्हणे. मावसभावाने औषधाचं खोकं जपून ठेवलं होतं. मी पाहिलं, तर त्यावर हायलुरॉनिक आम्ल लिहिलेलं. रेशमाचा त्यात एक धागाही नाही. सांध्यात वंगणासारखं सोडतात ते हे इंजेक्शन. बोलीभाषेत त्यालाच सगळे जेल म्हणतात. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ते सरसकट देऊ नये असंच म्हटलंय. मावशीला दोन महिने जरा बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता यात रेशमावर काम करणाऱ्या कुणाचाच दोष नाही. पण बातमीत जो शब्द अर्धवट सुटतो, तो खाली येता येता असा कुणाच्या तरी हातात पडतो. म्हणून "कुणाच्या गुडघ्यासाठी" हे पहिल्याच ओळीत सांगितलं गेलं पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

आणि ते सांगणं अवघड नाही. ही जेल मुख्यतः कूर्चेतल्या छोट्या, एकट्या खड्ड्यासाठी आहेत. वीस-पंचवीस वर्षांचा पोरगा कबड्डीत पडला, मोटारसायकलवरून घसरला, कूर्चेचा नखाएवढा टवका उडाला, भोवतालची कूर्चा मात्र धडधाकट आहे, असा गुडघा. रस्त्यावरचा एक खड्डा बुजवायचा तशी ही गोष्ट. मावशीचा गुडघा म्हणजे सगळा रस्ताच उखडलेला. तिथे कूर्चा जवळजवळ उरलेली नाही, खालचं हाड बदललंय, पायाची रेघ वाकलीय, सांध्याला सूज आहे. त्यात जेल भरून ते टिकणार कसं? त्या गुडघ्याला आज जे उपाय आहेत ते बातमीत येत नाहीत इतके साधे आहेत. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजन कमी करणं, संडासात कमोडची खुर्ची, चुलीऐवजी उभ्याचा ओटा, आणि अगदीच थकलं की सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, पण खरं आहे.

हा झाला पहिला मुद्दा. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो थेट संशोधकांसाठी आहे.

आपले गुडघे जमिनीवर बसतात. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण आकडे बघा. चालताना गुडघा जेमतेम साठ अंश वाकतो, जिना चढताना नव्वद-शंभर. उकिडवं बसताना तो एकशे तीस-चाळीसच्याही पुढे जातो. आमच्याकडे निंदणीला बाया उकिडव्याच बसतात आणि बसल्या बसल्या पुढे सरकतात, ओळीच्या ओळी, सकाळपासून ऊन तापेपर्यंत. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथे कुणीही बाकावर बसत नाही. वरण-बट्टीची पंगत मांडी घालूनच बसते. नमाजालाही गुडघे टेकूनच बसावं लागतं. बीजिंगमधल्या ज्येष्ठ नागरिकांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. तरुणपणी रोज जास्त वेळ उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघा झिजण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे बसण्याच्या पद्धतीचा कूर्चेशी संबंध आहे, ही काही गावगप्पा नाही.

आता प्रयोगशाळेत जेलची परीक्षा कशी घेतात ते बघा. जेलची छोटी चकती दोन तबकड्यांमध्ये ठेवतात आणि दाबतात. बहुतेक वेळा सेकंदाला एकदा दाबायचं आणि सोडायचं, दहा-पंधरा टक्के दबेल इतकं. सेकंदाला एकदा का? तर ती चालण्याची लय. परीक्षेतला गुडघा चालतो आणि थांबतो. तो कधी खाली बसतच नाही!

पण कूर्चा चालण्याच्या आणि बसण्याच्या भाराला वेगवेगळी वागते. दह्याचं गाठोडं पंच्यात बांधून हाताने पटकन दाबून बघा. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, गाठोडं भार पेलतं आणि हात काढला की परत फुगतं. त्याच गाठोड्यावर रात्रभर पाटा ठेवला की सकाळी चक्का. कूर्चेचंही तसंच. चालताना भार पडतो आणि लगेच उतरतो, तो बराचसा आतल्या पाण्यावरच पेलला जातो. अर्धा तास उकिडवं बसलं की पाणी हळूहळू बाजूला सरतं आणि भार धाग्यांच्या जाळीवर येतो. जी जाळी सेकंदाच्या परीक्षेत पहिली आली, ती अर्ध्या तासाच्या परीक्षेत टिकेलच असं नाही. त्यात ही जेल सहसा खऱ्या कूर्चेपेक्षा मऊच असतात. शिवाय गुडघा खोल वाकला की हाडं वेगळ्याच जागी टेकतात. भार कूर्चेच्या मागच्या भागावर जातो आणि दाबाबरोबर घासणंही येतं.

काही जण म्हणतील, प्राण्यांवर प्रयोग होतातच की. होतात, आणि पहिली पाळी बहुधा सशाची. गंमत म्हणजे ससा दिवसभर गुडघे मुडपूनच बसलेला असतो, म्हणजे बसण्यात तो आमच्या निंदणीवाल्या बायांच्या जवळचाच. पण त्याचं वजन तीन-चार किलो, त्याची कूर्चा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, आणि तरुण सशाचा छोटा खड्डा बरेचदा आपला आपणच बऱ्यापैकी भरतो. त्यावरून पंचावन्न किलोच्या, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेल्या बाईच्या गुडघ्याचा अंदाज बांधायचा म्हणजे कठीण आहे.

मी जे मागतोय ते काही जगावेगळं नाही. सांधा बदलण्याच्या बाबतीत हा प्रश्न कंपन्यांना आधीच पडला होता. आशियातली माणसं खाली बसतात म्हणून जास्त वाकणारे कृत्रिम सांधे बाजारात आले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि जास्त वाकणाऱ्याला ५६,४९० रुपये अशा वेगळ्या ओळी त्या यादीत होत्या. म्हणजे सरकारी कागदावरसुद्धा जमिनीवर बसणारा गुडघा हा वेगळा गुडघा आहे. मग जे जेल अजून घडतंय, ज्याची कृती अजून बदलता येते, ते घडवताना हा विचार का नको? यंत्र तेच आहे. सेकंदाऐवजी अर्धा तास दाबून ठेवायचं, मग सोडून किती फुगतं ते मोजायचं, आणि असं शेकडो वेळा करायचं. हे आकडे भारतातल्या प्रयोगशाळांनी नाही काढायचे तर कुणी? बोस्टनच्या माणसाला हा प्रश्न पडणारच नाही. त्याचा संडासही खुर्चीचा आणि जेवणही टेबलावर.

तिसरा मुद्दा पैशांचा. या बातम्यांच्या शेवटी हल्ली एक ओळ असते, की यामुळे रेशीम उत्पादक शेतकऱ्यांचाही फायदा होईल. ऐकायला छान वाटतं. आपल्याकडे रेशीमशेती वाढतेय हे खरंच आहे, जालन्यात २०१८ पासून कोशांची स्वतंत्र बाजारपेठ आहे. आणि चारही प्रकारचं रेशीम पिकवणारा भारत हा जगातला एकमेव देश. पण जरा हिशोब करू. कूर्चेतला खड्डा धरा दोन चौरस सेंटिमीटरचा आणि अडीच मिलिमीटर खोल. म्हणजे अर्धा मिलिलिटर जेल. त्यात रेशीम आठ टक्के, म्हणजे चार शतांश ग्रॅम. तुतीच्या एका चांगल्या कोशाचं कवच असतं साधारण तीन दशांश ग्रॅम. चिकट थर गेला की दोन दशांश उरतं. वाया जाणारं सोडून दिलं तरी एका कोशात तीन-चार गुडघे! एका शेतकऱ्याच्या एका पिकातून अख्ख्या खानदेशातल्या गुडघ्यांचे खड्डे बुजवून वर उरेल.

तेव्हा शेतकऱ्याला यातून फार काही मिळेल अशी आशा नको, आणि दुसरीकडे रेशीम स्वस्त आहे म्हणून उपचार स्वस्त होईल अशीही नको. कापूस पिकवणाऱ्या आणि प्रताप मिलचे दिवस पाहिलेल्या गावाला हे चांगलं कळतं, की किंमत कच्च्या मालात नसते, नंतरच्या प्रक्रियेत असते. इथे ती प्रक्रिया म्हणजे निर्जंतुक कारखाना, प्रत्येक घाण्याची तपासणी, वर्षानुवर्षांच्या चाचण्या, परवाने. आणि जेलमध्ये जिवंत पेशी घालायच्या म्हटल्या की खर्च कैक पटींनी वाढतो, कारण मग प्रत्येक रुग्णामागे वेगळी पेशी-प्रयोगशाळा लागते.

इथेच रेशमाची खरी ताकद आहे असं मला वाटतं. रेशीम शरीरात सावकाश विरतं, बराच काळ आधार देतं, आणि ते निर्जंतुक करून कपाटात ठेवता येईल असं घडवण्याची शक्यता आहे. म्हणजे पेशी बाहेर न वाढवता, शस्त्रक्रियेच्या वेळीच खालच्या हाडातून येणाऱ्या पेशींना बसायला जागा देणारं, डबीतून काढून वापरायचं जेल. तसं झालं तर धुळ्याचा किंवा जळगावचा एखादा चांगला सर्जन दुर्बिणीतून ते एकाच शस्त्रक्रियेत भरू शकेल. कबड्डीतल्या पोराला मुंबई गाठावी लागणार नाही, दोनदा भूल घ्यावी लागणार नाही. याउलट पेशी छापणारं महागडं यंत्र घेऊन कूर्चा छापून दाखवली की फोटो सुंदर येतो, शोधनिबंधही मोठ्या नियतकालिकात जातो. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यातूनही शिकायला मिळतंच. पण सरकारी पैसा मोजका असेल तर माझं मत डबीतल्या जेलला.

यावर एक आक्षेप माझ्या एका मित्राने घेतला. तो म्हणाला, अरे, शास्त्रज्ञांना आधी मोकळेपणाने काम तर करू दे. शोध लागायच्या आधीच तू त्यांच्याकडे किंमत आणि मांडी मागायला लागलास. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मूलभूत संशोधनाला असे प्रश्न विचारू नयेत, हे मलाही पटतं. २०१० सालचा एनसीएलचा निबंध जेल कसं जमतं हे शोधत होता, त्याला कुणी गुडघ्याचा भाव विचारला असता तर मीच वाद घातला असता. पण ज्या कामाच्या पहिल्या परिच्छेदात "भारतात गुडघेदुखीचे कोट्यवधी रुग्ण आहेत" असं लिहिलेलं असतं, त्याला त्या कोट्यवधी रुग्णांबद्दल विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्यांच्या नावावर अनुदान मागितलं, तर त्यांच्या बसण्याची पद्धत निदान परीक्षेत तरी यायला हवी.

असो. माझ्यासारख्या मास्तराने लिहून काय होणार, हे मला ठाऊक आहे. तरी एक विनंती करून थांबतो. रेशमाच्या कूर्चेवर काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर श्रावणात एकदा इकडे या. अमळनेरहून कुठल्याही दिशेला चार किलोमीटर गेलात की कपाशीत निंदणी चाललेली दिसेल. कोन मोजायचं साधं यंत्र आणि एक घड्याळ आणा. एक बाई दिवसातून किती वेळा खाली बसते, किती वेळ बसते, गुडघा किती अंश वाकतो आणि उठताना ती कशाचा आधार घेते, एवढं नोंदवून न्या. मग ते आकडे तुमच्या यंत्रात भरा आणि आपलं जेल त्याखाली ठेवून बघा. टिकलं तर बातमी जरूर छापा, मी स्वतः ती गावभर वाटेन. आणि नाही टिकलं तरी छापा, कारण पुढचं जेल करणाऱ्याला तीच बातमी जास्त उपयोगी पडेल.